नाल्यापलीकडचं डांबर

मुंजाजी खिल्लारेला पंगतीत सुखानं जेवताना कोणी पाहिलेलं नाही. पत्रावळी मांडल्या जात असतानाच त्याची नजर भाताच्या पातेल्यावर जाते, तिथून बसलेल्या माणसांवर, तिथून मांडवाच्या दाराशी ताटकळलेल्या दुसऱ्या पंगतीवर, आणि मग तो बायकोच्या कानाशी लागतो की हे काही पुरत नाही. बायको साक्षी म्हणते, तुमच्या घरचं लग्न आहे का? नाही ना? मग गुमान जेवा. तो जेवतो, पण मांडी हलत राहते. भात कमी पडला तर त्याला यजमानाचं वाईट वाटतं, आणि पुरला तर आपला अंदाज चुकला म्हणून वाईट वाटतं. अशा माणसाला सुखी करणं कोणाच्याच हातात नसतं.

बरं, खोड म्हणावी तर पोटही तिच्यावरच चालतं. रामप्रसाद राठोड या कंत्राटदाराकडे तो साइट इंजिनिअर आहे, आणि कुठल्या रस्त्याला किती डांबर लागेल हे काढणं त्याच्याकडे असतं. प्लांटमध्ये खडी तापवून डांबरात घोळतात. तो वाफाळता काळा माल टिप्परमधून साइटवर येतो आणि थंड व्हायच्या आत पसरावा लागतो. जास्त मागवला तर टिप्परमध्येच दगड होऊन बसतो. कमी मागवला तर रस्ता मध्येच तुटतो. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार शाळेतलं पोरगंही करील. मुंजाजीचं म्हणणं असं की गुणाकार झाल्यावरच खरी कटकट सुरू होते. जुना रस्ता कुठं किती बसलाय, त्या खोलगटात किती माल गडप होईल, रोलर फिरल्यावर थर किती दबेल, हे सगळं धरावं लागतं. शिवाय घमेली धरावी लागतात. डांबराचं मशीन गावात शिरलं की बाया घमेलं घेऊन येतात. कोणाला उंबऱ्यापुढचा खड्डा बुजवायचा असतो, कोणाला गोठ्याचं दार, कोणाला देवळाची पायरी. नाही म्हटलं की गाव गाडी अडवतं. म्हणून मुंजाजी दर गावामागं घमेल्यांचाही माल धरून ठेवतो. सरकारी अंदाजपत्रकात ही ओळ कुठंच नसते, पण ती धरली नाही तर रस्ता शेवटाला पोचत नाही.

डांबराशी त्याची ओळख मात्र कॉलेजातली नाही. त्याची माय केशरबाई बरीच वर्षं रस्त्याच्या टोळीत होती. तेव्हा पिंपं चुलाणावर ठेवून डांबर उकळायचे आणि बाया झारीनं ते खडीवर शिंपायच्या, पायांना गोणपाट गुंडाळून. घरी आली की ती रॉकेलच्या चिंधीनं हात पुसायची, आणि पोरं तिच्याजवळ जायच्या आधी नाक धरायची. त्या वासावर तीन लेकरं शिकली, असं ती आता हसून सांगते.

त्यांचं गाव बोरसावंगी, कुरुंद्याहून फार लांब नाही. फाट्याजवळ गावचे पुढारी उत्तमराव यांचा बंगला आणि हळदीचं गोदाम. तिथून रस्ता कालव्याच्या चारीला धरून शाळेपर्यंत येतो, गावाला वळसा घालतो आणि नाल्याच्या पुलावर जातो. पुलापलीकडे भीमनगर, आणि त्याच्या टोकाला विहार. केशरबाईच्या टोळीनं एका उन्हाळ्यात हाच रस्ता केला होता. काम फाट्यावरून सुरू झालं आणि पुलाशी थांबलं. माल संपला, उरलेलं पावसाळ्यानंतर, असं सांगून टोळी हलली. पावसाळे आले नि गेले. मध्ये एकदा पुन्हा डांबरीकरण झालं, तेही फाट्यावरून सुरू होऊन पुलाशीच संपलं. डांबर शिंपणारी बाई पुलाच्या पलीकडं राहायची, डांबर अलीकडं. पावसाळ्यात रिक्षावाला लेकरांना पुलाशी उतरवतो आणि तिथून ती चप्पल हातात घेऊन चिखल तुडवत घरी येतात. केशरबाईनं यात कधी कोणाला बोल लावला नाही. पिंपं रिकामी होताना तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

यंदा रस्ता थेट विहारापर्यंत मंजूर झाला, आणि काम रामप्रसादला मिळालं. मुंजाजीनं वरवर काही दाखवलं नाही. पण नोकरीत इतके रस्ते झाले, त्यात त्याला मनापासून हवा असलेला हा एकच होता. ह्या वेळी डांबर पूल ओलांडलंच पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एप्रिलमध्ये पुलापलीकडचं खडीकरण झालं तेव्हा भीमनगरात लोक संध्याकाळचे नुसतेच त्या खडीवर जाऊन उभे राहायचे.

रस्ता मात्र त्यानं त्याआधी मार्चात मोजला होता, आणि तिथंच माशी शिंकली. मार्चात ह्या मुलखात रस्ता रस्ता नसतो, वाळवण असतं. उकडलेली हळद ताडपत्र्यांवर पसरून दोन-दोन आठवडे वाळत घालतात, आणि डांबरी रस्त्यासारखी तापणारी जागा दुसरी कुठं मिळायची? फाट्यापासून शाळेपर्यंत चारीच्या बाजूचा अर्धा रस्ता हळदीनं भरला होता. दुसऱ्याच्या हळदीत पाय घालायचा नाही, हे तिथल्या लेकराला चालायला लागल्यापासून कळतं. परगावचा कोणी इंजिनिअर असता तर त्यानं ताडपत्र्या उचलायला लावल्या असत्या, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि बरोबर माप नेलं असतं. मुंजाजी गावचा. त्यानं मोकळ्या अर्ध्या रस्त्यावर दोरी ताणली, दोरीखाली पट्टी धरून खोलगट मोजले, आणि झाकलेला अर्धाही तसाच असेल असं धरून पुढं गेला. वर हळदीवाल्यांशी पिकाच्या भावाच्या गप्पाही मारल्या.

काम मे अखेरीला लागणार होतं. दोन दिवस आधी तो मोटरसायकलवर गावी आला, फाट्यावरून आत वळला, आणि समोरून ट्रॅक्टर आला म्हणून त्यानं गाडी चारीच्या बाजूला घेतली. गाडी अशी दचकून खाली गेली की तो पडता पडता राहिला. हळद कधीच उचलली गेली होती, भेगांमध्ये नुसती पिवळी धूळ उरली होती. मुंजाजी उतरला. खिशात दोरी कायमच असते. ती त्यानं आडवी ताणून दगडांना बांधली आणि खाली हात घातला. मूठ आरामात गेली. पुढं दहा पावलांवर ताणली, तिथंही गेली. चारीच्या पाझरानं ती सगळी बाजू शाळेपर्यंत खचली होती.

गाड्या त्या बाजूनं जात नव्हत्या, म्हणून लोक हळद तिथं घालत होते, आणि गाड्या का जात नव्हत्या हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. ज्यानं मायबरोबर ह्याच रस्त्यावर हळद वाळवली, त्याला सुचलं नव्हतं. ही बाजू सपाट करायलाच कितीतरी गाड्या माल गिळला जाणार. उरलेला पुलापर्यंत जाईल. पलीकडं नाही. त्यानं रस्त्याच्या कडेला बसून तीनदा हिशोब केला आणि तिन्ही वेळा रस्ता पुलाशीच येऊन थांबला.

तसाच तो कळमनुरीच्या अलीकडं माळावरच्या प्लांटवर गेला. रामप्रसाद खाटेवर बसून टरबूज खात होता. त्यानं एक फोड पुढं केली, मुंजाजीनं ती हातात धरून ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक माझीच आहे, पण माल वाढवून द्या, म्हणाला. रामप्रसाद चिडला नाही, तो सहसा चिडत नाही. त्यानं शांतपणे समजावलं की डांबराचा टँकर तुझ्याच आकड्यावर मागवला होता. बोरसावंगीचं काम झालं की प्लांट बंद, सगळं बिऱ्हाड कनेरगाव नाक्याकडच्या कामावर जाणार, टाकीत उरेल तेही त्याच कामाचं, त्याला हात लावायचा नाही. फार तर थर जरा पातळ पसरव. मुंजाजी म्हणाला, पातळ थर दिवाळीच्या आत पापुद्र्यासारखा उडून जाईल. मग जिथं संपेल तिथं थांब, रामप्रसाद म्हणाला, राहिलेलं पावसाळ्यानंतर बघू. कधीतरी चहाला या, असं जितक्या सहज म्हणतात तितक्या सहज म्हणाला. मुंजाजीच्या हातातली फोड गळून शर्टावर लाल ओघळ आले होते. त्याचं लक्षही नव्हतं.

घरी आला तर केशरबाईची वेगळीच गडबड चालली होती. मशीनवाल्या माणसांना दुपारी ताक द्यायचं म्हणून तिनं घरोघर सांगून ठेवलं होतं. विहारापुढचं अंगण दोनदा झाडून झालं होतं. मुंजाजीला ते बघवेना. सांगून टाकावं म्हणून त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा प्यायला पाणी मागितलं. ताटावर बसला तर घास फिरायला लागला. मायनं विचारलं, पित्त झालं का? तो म्हणाला, व्हय. त्याला स्वतःची लाज वाटत होती. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

सकाळी उजाडताच तो टेप आणि दोरी घेऊन निघाला. नव्यानं मोजून काही फरक पडणार नव्हता हे त्याला कळत होतं, पण बसवत नव्हतं. मुक्काम घरी असल्यामुळं त्यानं मोजणी विहारापासूनच सुरू केली. खडीकरणाचा तुकडा सरळ सपाट, तिथं माल जेवढ्यास तेवढाच लागणार. तो चालत होता आणि मनात एकेक गाडी रिकामी करत होता. पहिली इथं संपेल, दुसरी त्या लिंबापाशी. पूल गेला. गावाचा वळसा गेला. शाळेपासून खचलेली बाजू लागली आणि गाड्या भराभर रिकाम्या व्हायला लागल्या. शेवटची गाडी मनातल्या मनात ओतून तो थांबला आणि त्यानं मान वर केली.

समोर उत्तमरावांच्या बंगल्याचं फाटक होतं. फाटा त्याच्या पुढं हाकेच्या अंतरावर.

तो बराच वेळ त्या फाटकाकडं बघत राहिला. माल तेवढाच होता, रस्ता तेवढाच, खड्डेही तेच. फक्त आज तो उलटा चालत आला होता. इतकी वर्षं दर वेळी रस्ता फाट्यावरून सुरू झाला, म्हणून कमी पडला की पुलापलीकडंच कमी पडला. कमी किती पडतं हे सगळ्यांनी काढलं होतं, त्यानंही. कुठं पडावं, हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं, ते आपोआप ठरत होतं. मुंजाजीला एकदम घाम फुटला आणि हसूही आलं.

आता गाठ रामप्रसादशी होती. नारळ फाट्यावर फुटतो आणि मशीन तिथूनच निघतं, हा रिवाज. उत्तमरावांनी तिथं फलक उभा केला होता, हाराची ऑर्डर दिली होती. मुंजाजीनं फोनवर कारण पुढं केलं: फाट्यावरून सुरू केलं तर ताजं डांबर चुकवून पुढचा माल न्यायला भरलेल्या गाड्या कडेच्या साइडपट्टीवर घालाव्या लागतील, आणि चारीच्या पाझरानं साइडपट्टी भुसभुशीत झाली आहे, गाडी रुतली की दिवस गेला. विहाराकडून सुरू केलं तर गाड्या जुन्या रस्त्यावरूनच येतील. कारण खरंच होतं. नारळ फाट्यावरच फोडा, तो म्हणाला, नारळाला कुठं रुतायची भीती आहे?

रामप्रसाद तांड्यावरचा माणूस. त्याच्याही तांड्याचा रस्ता दोन वेळा अर्ध्यात राहिला होता, हे मुंजाजीला ठाऊक होतं.

"खिल्लारे," तो म्हणाला, "कमी कुठं पडणार हाय?"

"उत्तमरावांच्या फाटकापाशी."

"तू काय करून राहिला, ते मला समजून राहिलं. माझी ना न्हाई. पण त्यांचा फोन आला तर मी सांगीन, इंजिनिअरनं मोजाया चूक केली."

"सांगा. केलीच हाय."

फोन ठेवल्यावर मुंजाजीला नवीनच घोर लागला. उत्तमरावांच्या फोनवर एक-दोन गाड्या येतील, पण दहा काही येणार नाहीत. म्हणजे कमी पडायचं ते फाटकापाशीच पडलं पाहिजे. त्याच्या फार अलीकडं, शाळेपाशी संपलं, तर आकडा एवढा मोठा होईल की उत्तमरावही पावसाळ्यानंतर बघू म्हणतील. ज्यानं आजवर पुरेल कसं याचाच अंदाज काढला, त्याला आता अपुरेपणाचाच अंदाज बरोबर जमवायचा होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर नारळ फुटला, हार घातले गेले, फोटो झाले. मग थावरानं, म्हणजे रामप्रसादच्या तांड्यावरच्या ऑपरेटरनं, मशीन ट्रेलरवरून थेट भीमनगरात नेलं. उत्तमराव म्हणाले, हे कसं काय उलटं? रामप्रसादनं साइडपट्टीचं कारण सांगितलं आणि त्यांना चहाला नेलं.

विहारापुढं पहिली गाडी ओतली तेव्हा निम्मं भीमनगर जमलं होतं. वाफेचा लोट उठला, तो जुना उग्र वास पसरला, आणि केशरबाई पदर नाकाला न लावता तशीच उभी राहिली. मुंजाजीला तिच्याकडं बघायला फुरसत नव्हती. तो सळई घेऊन मशीनमागं धावत होता. सळई थरात खुपसायची, जाडी बघायची, थावराला ओरडून सांगायचं, मान वळवून पुढची गाडी आली का बघायचं. थावरा वैतागला. त्यानं मशीनवरूनच सांगितलं की भाऊ, तुम्ही जरा सावलीत बसा, तुमच्यामुळं माझं ब्लड प्रेशर वाढून राहिलं.

मग घमेली आली. दर गावात येतात तशी, फक्त ह्या वेळी ती त्याच्या घराशेजारून आली होती. सगळ्यात पुढं अनुसयाबाई, जिनं त्याला लहानपणी मायच्या माघारी भाकरी दिलेली. तिच्या दारात पाणी साचतं, पावसाळ्यात घरात शिरतं, दोन घमेली पुरे, म्हणाली. गावागावांत लोकांना तो माल देत आला होता. पण इथं दोन दिली की मागची वीस घमेली पुढं येणार होती, आणि मग फाटकापाशीचा हिशोब शाळेपाशी जाणार होता.

"मावशी, आज एक चमचापण न्हाई."

"काहून? परक्याच्या गावात देतूस, घरच्याला न्हाई?"

त्याला कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर ते संध्याकाळच्या आत फाट्यावर पोचलं असतं. त्यानं फक्त मान हलवली. अनुसयाबाई रिकामं घमेलं कमरेवर घेऊन वळली आणि जाता जाता जमलेल्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली की शिकली की पोरं अशीच होतात. ते त्याच्या वर्मी लागलं. त्यानं सळई थरात गरजेपेक्षा जोरात खुपसली.

दुपारपर्यंत डांबरानं पूल ओलांडला, इकडून तिकडं. लेकरं अनवाणी पळत आली आणि चटके बसल्यावर उड्या मारत पळाली. बायांनी ताक वाटलं. कोणीतरी त्याच्या हातात पेला दिला, तो त्यानं तसाच पुलाच्या कठड्यावर ठेवला आणि विसरला. आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं चित्त पुढच्या खचलेल्या बाजूवर होतं. शाळेपाशी आल्यावर माल अक्षरशः पाताळात जायला लागला. एक गाडी, दुसरी, तिसरी. एका ठिकाणी थावरानं आपणहून थर पातळ करायला घेतला, भल्यासाठीच, तर मुंजाजी त्याच्यावर खेकसला. मग त्याची माफी मागितली. मग पुन्हा खेकसला.

उन्हं कलली तेव्हा शेवटची गाडी रिकामी झाली. फाटक समोर दिसत होतं. मशीन घरघरत पुढं सरकलं, त्याच्या पोटातला माल कमी कमी होत गेला, आणि फाटकाच्या जरा अलीकडं पात्याखालून नुसती खडखड ऐकू आली. थावरानं मशीन बंद केलं. मुंजाजी मटकन साइडपट्टीवर बसला. त्या दिवसात तो पहिल्यांदा बसला होता.

उत्तमराव बाहेर आले. काळा तुकतुकीत रस्ता त्यांच्या फाटकाशी येऊन तुटला होता आणि पुढं फाट्यापर्यंत तेच जुने खड्डे. ते मशीनकडं बघत राहिले, मग मुंजाजीकडं.

"थांबलं काहून?"

मुंजाजी उठून उभा राहिला. "माल संपला, बापू. उरलेलं पावसाळ्यानंतर."

ते वाक्य उच्चारताना त्याला कसंसंच झालं. आपल्या तोंडून ते निघतंय याची गंमत वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तशी काही गंमत वाटली नाही. उत्तमरावांनी विचारलं, चूक कोणाची? तो म्हणाला, माझी, मोजताना हळद उचलली नव्हती. मग उत्तमरावांनी त्याला चारचौघांत जे सुनावायचं ते सुनावलं. त्याची डिग्री काढली, त्याला कामावर ठेवणाऱ्याची अक्कल काढली. गावाचं तोंड काळं केलंस, म्हणाले. मुंजाजी खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत आत गेले.

सकाळी ऊन तापायच्या आत दोन टिप्पर फाट्यावरून आत आले. मागून वाफ निघत होती. कळमनुरीच्या माळावरचा प्लांट पुन्हा पेटला होता, आणि कनेरगाव नाक्याच्या कामासाठी राखलेल्या डांबराला हात लागला होता. थावरानं मशीन सुरू केलं. मुंजाजीचा अंदाज इतका नेमका होता की दुसऱ्या गाडीतला माल फाट्याच्या कडेला बरोबर संपला. रामप्रसादनं फोनवर विचारलं, खूश? तो म्हणाला, व्हय. आणि होताही. पूल ओलांडला होता, रस्ता पुरा झाला होता, नोकरीही शाबूत होती. इतक्या दिवसांनी त्याचा पाय हलायचा थांबला होता.

केशरबाई विहारापासून नव्या रस्त्यानं चालत आली. इतकं लांब ती हल्ली चालत नाही. चपला हातात घेतलेल्या, रस्ता खराब होईल म्हणून. फाटकापाशी येऊन ती उभी राहिली आणि रिकामे होऊन परत निघालेल्या टिप्परांकडं तिनं बोट केलं.

"ह्या गाड्या कुठून आल्या रे?"

"प्लांटवरून."

"प्लांट तर बंद झाला म्हणत व्हते ना काल?"

"पेटवला पुन्हा. बापूंनी फोन लावला."

"एकच फोन?"

"एकच, माय."

आता ती हसेल, असं त्याला वाटलं. आपण हे कसं जमवलं ते तिला सांगायला तो सकाळपासून आतुर झाला होता. उलटं चालत येण्याची ती सगळी गोष्ट त्याच्या ओठांवर होती. पण केशरबाई हसली नाही. ती दूर पुलाच्या दिशेला बघत होती. रोलर जवळ आला, म्हणून त्यानं तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. पुलाशी आपली टोळी थांबली त्या संध्याकाळी काय झालं, हे तिनं त्याला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, हळू आवाजात, रोलरच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं.

"मुकादम मला म्हणला, केशरबाई, तुझ्याच घराकडं ऱ्हायलं बघ. त्याचं तोंड उतरलं व्हतं. मला त्याचीच दया आली, मुंजा. मी त्याला घरी नेलं, च्या केला. साखर न्हवती घरात, तर शेजारून मागून आणली."